उतरण नव्हे

मी टी-शर्ट बोलतोय. रंग काळा, माप लार्ज. मी मेटल नावाचं दणदणीत रॉक संगीत वाजवणाऱ्या एका बँडचा आहे. बँडचं नाव सांगत नाही. ते माझ्या छातीवर लिहिलेलं आहे आणि आजवर कोणाला धड वाचता आलेलं नाही. अक्षरं काट्याकुट्यांसारखी एकमेकांत घुसलेली आहेत. गोंदियात लोक मला पाहून म्हणाले, हे तर झुडपी जंगल. तेव्हापासून माझं नाव झुडपी पडलं. मला ते नाव पटतं.

माझा अपमान झाला होता. त्याची परतफेड कशी झाली, तेवढंच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म तिरुप्पूरचा. शिलाँगच्या मैदानावर बँडचा कार्यक्रम होता, त्यासाठी आम्हाला शिवलं आणि छापलं. पाठीवर गावांची यादी आली. घाईत शिलाँगच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक एल गळाला. चूक कळली तेव्हा गठ्ठे बांधून झाले होते. आम्ही तसेच मैदानावर गेलो आणि तसेच विकले गेलो. हा गळालेला एल लक्षात ठेवा.

मला बांतेई नावाच्या मुलाने घेतलं. तो शिलाँगचाच. पुढे तो विमान चालवायला शिकण्यासाठी गोंदियाजवळच्या बिरसीला आला आणि मला अंगावर घेऊन आला. एकदा गोंदियाला जायला तो ऑटोत बसला. ऑटोत माझ्याच बँडचं गाणं वाजत होतं. ऑटोवाला होता गोंदियालगतच्या मुर्रीचा संघदीप. त्या दिवसापासून बांतेई दुसऱ्या ऑटोत बसला नाही.

दोघं सारखे भांडायचे. बांतेई म्हणायचा, तिसरा अल्बम चांगला. संघदीप म्हणायचा, तिसऱ्यात ढोल फार धुऊन काढला आहे, मळ राहिला नाही, मजा गेली. बँडच्या जुन्या गायकाच्या आवाजाबद्दल मात्र दोघांचं जुळायचं. तो पोटातून येणारा घोगरा आवाज ऐकला की संघदीपला त्याचा आजा आठवायचा. आजा केवळराम धानातून रानडुकरं हाकलायचा तेव्हा असाच ओरडायचा.

शिक्षण संपलं. बांतेई निघाला. गोंदिया स्टेशनवर त्याने मला अंगातून काढलं आणि संघदीपला दिलं. संघदीपनेही आपला शर्ट काढून त्याला दिला. त्यावर त्याने स्वतःच्या हाताने सारस रंगवला होता. पंख पसरलेला सारसाचा सांगाडा, पांढऱ्या रंगात. तो रंगवायला त्याला पंधरा दिवस लागले होते. मेटल ऐकणाऱ्यांत अशी शर्टाची अदलाबदल चालते. दोघं उघडे पोरगे फलाटावर हसत उभे होते. मी ते पाहिलं आहे.

आता दुर्गाप्रसादची गोष्ट.

छोटेलालच्या चहाटपरीमागे दर रविवारी मेटल ऐकणारे जमतात. संघदीप असतो. स्नेहल असते, ती नर्स आहे. तिला आवाजातलं कळतं आणि ती कोणाची भीड ठेवत नाही. दुर्गाप्रसादच्या बापाचं कपड्याचं मोठं दुकान. तो अल्बमवर बोलतो, त्याचे व्हिडिओ टाकतो. त्याच्या मागे भिंतीवर शर्ट टांगलेले असतात. माझ्याच बँडचा एक त्याच्याकडेही होता.

संघदीप मला घालून पहिल्यांदा तिथे गेला. वाद गायकावरून सुरू झाला. दुर्गाप्रसादला बँडचा नवा गायक आवडायचा. संघदीप म्हणाला, नवा गळ्यातून ओरडतो. स्नेहलने मान हलवली. आवाज पोटातून आला पाहिजे, म्हणाली. दुर्गाप्रसादला ते लागलं. तो उठला, संघदीपच्या मागे गेला आणि माझी पाठ वाचू लागला.

"ये देखो. शिलाँग की स्पेलिंग गलत. नकली है."

संघदीप म्हणाला, मित्राने दिला, तो स्वतः त्या कार्यक्रमाला होता.

"उसका पहना हुआ?"

"हो."

"मतलब नकली भी और उतरन भी."

तो एकटाच हसला. बाकीचे आपापल्या कपात पाहू लागले. माणसांची ही सवय मी ओळखून आहे. बोलायची वेळ आली की त्यांना चहात काहीतरी सापडतं.

उतरण म्हणजे दुसऱ्याने वापरून टाकलेला कपडा, खालच्याला दिलेला. दुर्गाप्रसादला संघदीपचं घर माहीत होतं. त्या घरात या शब्दाचं वजन किती, हेही माहीत होतं. माझ्या कापडाखाली संघदीपचं काळीज धडधडताना मला कळत होतं. तो उठला. ऑटो चालू करून निघून आला.

घरी केवळराम ओट्यावर बसला होता. म्हातारा पंच्याहत्तरी ओलांडलेला, पण पाठ ताठ. नातवाचं तोंड पाहून त्याने विचारलं. संघदीपने तो शब्द सांगितला.

म्हाताऱ्याने त्याला आपल्याशेजारी बसवलं. मग त्याने सांगितलं. त्याच्या लहानपणी मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या घरून वापरलेले कपडे यायचे. छप्पन साली बाप नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि घरातला असा प्रत्येक कपडा त्याने जाळला. केवळरामच्या अंगातला सदरासुद्धा काढून घेतला. दुसरा नव्हता. पोराने तो हिवाळा उघड्याने काढला. तेव्हापासून या घरात उतरण आली नाही.

"हा बी जाळतो," संघदीप म्हणाला. त्याने मला मुठीत धरलं होतं.

"थांब. त्यानं तुले देल्ला, तू त्याले काय देल्ला?"

"माह्या हातचा सारस."

"मंग हे उतरन नोहे. बराबरीचा सौदा हाये. काऊन जाळतं?"

मी वाचलो. पण म्हाताऱ्याचं बोलणं संपलं नव्हतं.

"ज्यानं म्हटला त्याले जवाब दे. आज नोको. त्याले तुही गरज पडन तवा."

त्यानंतर संघदीप दर रविवारी मला घालून टपरीवर गेला. भांडला नाही. दुर्गाप्रसाद माझ्याकडे पाहून हसायचा. मी वाट पाहत होतो. कलाबाई, संघदीपची आई, मला उलटा करून धुवायची आणि सावलीत वाळवायची. दोरीवरही माझ्या डोक्यात तेच असायचं. कापसाला राग येत नाही असं कोणाला वाटत असेल तर त्याने पुन्हा विचार करावा.

वर्ष गेलं. दुर्गाप्रसादने असली शर्ट कसा ओळखावा यावर व्हिडिओ टाकला. त्यात आपला शर्ट दाखवला. पाठीवर शिलाँग, दोन्ही एल जागेवर. खाली शिलाँगच्या लोकांनी लिहिलं, मैदानावर विकलेल्या प्रत्येक शर्टावर एक एल कमी आहे. दोन एलवाले नंतर कोणीतरी चूक सुधारून काढलेले नकली. एकाने फोटो टाकला. तो बांतेई होता. अंगावर सारस, आणि खाली ओळ, माझा असली शर्ट गोंदियात माझ्या भावाकडे आहे.

लोकांनी दुर्गाप्रसादची पार हजामत केली. चूक मान्य करणारा नवा व्हिडिओ टाकल्याशिवाय त्याला तोंड दाखवता येईना. त्यासाठी खरा शर्ट अंगावर हवा होता. गोंदियात तो एकच होता. मी.

रविवारी तो टपरीवर आला. आवाजात साखर होती. "संघदीपभाई, एक दिन के लिए दे दे. धुलवा के लौटा दूँगा."

"काय मांगून राहिला?" संघदीपने विचारलं.

"शर्ट."

"त्याले तू दुसरं नाव देल्ला होता. त्या नावानं मांग."

छोटेलालची किटली हवेतच थांबली. या वेळी कोणी कपात पाहिलं नाही. सगळे दुर्गाप्रसादकडे पाहत होते.

"उतरन," तो पुटपुटला.

स्नेहल म्हणाली, "गळ्यातून आला. पोटातून पाहिजे."

त्याचे कान लाल झाले. त्याने पुन्हा म्हटलं, मोठ्याने. रस्त्यावरचा एक सायकलवाला वळून पाहू लागला. "अपनी उतरन दे दे."

संघदीपने मला अंगातून काढलं. नीट घडी घातली. दुर्गाप्रसादने हात पुढे केला. संघदीपने घडी आपल्या खांद्यावर टाकली.

"आमच्या घरी उतरन घेत नाही," तो म्हणाला. "देत बी नाही."

आणि उघडाच ऑटो चालवत मुर्रीला आला. ओट्यावर केवळरामने त्याला तसा उघडा पाहिला. माझ्यावरून एकदा हात फिरवला, बस.

आता माझी कॉलर सैल झाली आहे. छातीवरच्या झुडपाला चिरा पडल्या आहेत. दुर्गाप्रसाद अजून टपरीवर येतो. शेवटच्या बाकावर बसतो, साधा पांढरा शर्ट घालून. तो दिसला की संघदीप जयभीम घालतो. त्याने माफ केलं असेल. मी केलेलं नाही.

माझं एकच मागणं आहे. मी फाटलो की मला कोणाला देऊ नका. फरशी पुसायला माझा पोछाही करू नका. कलाबाई, मला चुलीत घाल. बांतेईच्या अंगावरून मी बरोबरीने उतरलो, संघदीपच्या अंगावर बरोबरीने चढलो. तिसऱ्याच्या हाती उतरण म्हणून मला जायचं नाही.