तपासणीच्या दिवशीची गोळी

शिट्टीबाईंना सकाळपासून सगळ्यांचाच राग आला होता. चपलेच्या पट्ट्याचा, जिन्याच्या कठड्याचा आणि खाली गाडीत बसून हॉर्न वाजवणाऱ्या बाळ्याचा. बाळ्या म्हणजे त्यांचा मुलगा. डोक्यावरचे केस गेले तरी बाळ्याच.

बाईंनी शाळेत मुलांना पळायला शिकवण्यात जन्म घालवला. शिट्टी गेली, नाव चिकटलं. आता गुडघ्यांनी वैर धरलं होतं आणि घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. बाळ्याने सरळ सांगितलं होतं, "डॉक्टर जिना नको म्हणाल्या, तर घराला कुलूप. तू माझ्याकडे."

म्हणून निघण्याआधी बाईंनी दुखण्याची एक गोळी घेतली आणि वर आणखी एक. एरवी रोज एक, तपासणीच्या दिवशी दोन. पूर्वी एकदा पडल्या तेव्हा कोणा डॉक्टरांनी चार दिवसांपुरती दिलेली ही गोळी. कोपऱ्यावरचा औषधवाला अजून देत होता. तो त्यांचा विद्यार्थी. मैदानाला फेऱ्या मारायला लावणाऱ्या बाईंना नाही म्हणायची त्याची आजही टाप नव्हती.

दवाखान्यात बाई ताठ चालत आत गेल्या. डॉक्टर तरुण होती. तिने रक्ताचा अहवाल वाचला, बीपी मोजलं, मग बाईंच्या सुजलेल्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा तसाच राहिला. तिने बाळ्याकडे पाहिलं.

"आजींना फार दुखतं का?"

"तिला विचारून उपयोग नाही," बाळ्या म्हणाला. "नाहीच म्हणणार."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गुडघे माझे आहेत की त्याचे? मला विचारा. आणि मी तुमची आजी नाही."

डॉक्टरने खुर्ची फिरवून त्यांच्यासमोर आणली. "चुकलं. तुम्हालाच विचारते. बीपी वाढलंय, मूत्रपिंडांवर ताण दिसतोय. आणि इतक्या झिजलेल्या गुडघ्यांनी कोणी असं चालत नाही. काय घेऊन आलात?"

बाईंनी पर्समधलं गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर आपटलं. "दोन गोळ्या. मग काय करणार? तुम्ही जिना नको म्हणणार, हा कुलूप लावणार. मला पास व्हायचं होतं."

"आई, मरायचंय का तुला?" बाळ्याचा आवाज चढला.

"तुझ्या टीव्हीसमोर बसून मरण्यापेक्षा बरं."

"भांडण बाहेर," डॉक्टर म्हणाली. तिचाही आवाज धारदार झाला होता. "ही गोळी आजपासून बंद. तुमच्या बीपीच्या गोळ्यांबरोबर ती मूत्रपिंडांची वाट लावते. आणि दुखणं मला दिसूच दिलं नाहीत, तर मी उपचार कशावर करू? पाय बधिर करून शर्यतीत उतरणाऱ्या पोराचं तुम्ही काय केलं असतं?"

"संघाबाहेर काढलं असतं," बाई पुटपुटल्या.

"मी काढत नाही. तुम्हाला काय करायचंय ते सांगा."

"माझा जिना चढायचाय. माझं दार माझ्या किल्लीने उघडायचंय."

डॉक्टरने सांगितलं ते बाईंनी तोंड वाकडं करून ऐकलं. साधी पॅरासिटामॉल, लिहून दिली तेवढीच. सर्दीच्या गोळीतही ती असू शकते, म्हणून विचारल्याशिवाय दुसरं काही नाही. शेक, काठी, मांड्यांचे व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट. लवकरच पुन्हा रक्त तपासणी.

"जिना चढताना कमी दुखणारा पाय आधी टाका. आणि पुढच्या वेळी लंगडत असाल, तर लंगडतच या. कुलपाचं नंतर बघू."

परतताना बाईंनी बाळ्याला गाडी औषधवाल्यापाशी थांबवायला लावली आणि काच खाली केली. "मी मागितली तरी ती गोळी द्यायची नाही. कळलं?"

"हो बाई," तो खालमानेने म्हणाला.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गोळीचा अंमल उतरला. बाळ्याने दंड धरला.

"हात काढ. मागे राहा. पडले तर धर."

एक पायरी चढून बाई मटकन खाली बसल्या. डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही त्यांना राग आला.

"दुखतंय रे. फार दुखतंय."

"हे आधी का नाही सांगितलंस?" बाळ्या अजून धुमसत होता.

"सांगितलं असतं तर तू कुलूप लावलं नसतंस?"

बाळ्या खालच्या पायरीवर बसला. बऱ्याच वेळाने बाईंनी काठी टेकवली, त्यातल्या त्यात बरा पाय वर ठेवला आणि किल्ली मुठीत आवळली.