कडू भाकर

"मंगल, परात कोरडीच हाय की गं! मयतीहून माणसं आली बी. कडू भाकर कवा न्हायची?"

वनमालाकाकू दारात उभ्या होत्या. मंगलचा चुलतदीर उत्तरेश्वर सकाळी गेला होता. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. पहिली भाकर शेजारच्या भावकीनं न्यायची, मग बाकीच्यांनी. शेजारचं घर मंगलचंच.

"न्हेते की."

"मनात ठिवू नको बाई. त्या वक्ताला सरकारनंच समदं बंद केलतं. म्हणून तर गावात एकबी माणूस मेलं न्हाई."

"मेलं की, काकू. येशीबाहेर मेलं, म्हणून तुमी मोजलं न्हाई."

टाळेबंदीत ऊसतोडीहून परतलेल्या मंगलच्या टोळीला गावानं माळावर ठेवलं होतं. वाटेवर बाभळीच्या काट्या उत्तरेश्वरनं ओढल्या. मंगलच्या नवऱ्याच्या, म्हाळूच्या, छातीत कळ आली तेव्हा काट्यांपलीकडे उत्तरेश्वरची जीप उभी होती. ती हलली नाही. बंदीचा हुकूम वरून आला होता, हे मंगलला मान्य होतं. दवाखान्यात जायला त्या हुकुमातही मुभा होती, हे तिला नंतर कळलं.

संध्याकाळी उत्तरेश्वरच्या बायकोनं, भिवराबाईनं, काट्यांवरून एक गाठोडं टाकलं आणि ती मागं सरली. आत भाकरी नव्हत्या, पीठ होतं. मंगलची लहानगी लेक वैष्णवी भुकेनं रडत होती. नवऱ्याची चिता विझायच्या आत मंगलनं तीन दगड मांडून चूल पेटवली.

आता ती गाठोडं घेऊन त्याच भिवराबाईच्या दारात गेली. उंबऱ्याबाहेर ते ठेवलं आणि मागं सरली.

"आत ये की. लांब कावून ठिवती?" भिवराबाईचा आवाज रडून बसला होता. तिनं पुढं सरकून गाठ सोडली.

ज्वारीचं पीठ.

बायकांत वनमालाकाकूही येऊन बसल्या होत्या. "आगं, हे काय आणलंस भवाने?" त्या म्हणाल्या.

"जाऊबाईंला ठावं हाय."

भिवराबाई पिठाकडं बघत राहिली. मग तिनं गाठ पुन्हा बांधली.

"ठावं हाय," ती म्हणाली. "आज दुसरं कुणी काय आणू नका."

तिन्हीसांजेला त्या घरावर धूर चढला. मंगलनं अंगणात बाज ओढली आणि धुराकडं तोंड करून बसली. आतून वैष्णवीनं जेवायला दोनदा हाक मारली. ती उठली नाही.