सिस्टरची झाडं

पालिकेत तिला सगळे 'पाण्याच्या मॅडम' म्हणत, आणि तिच्या सासूला सगळं गाव 'सिस्टर' म्हणे. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या त्या. "मी गावाला सुया टोचल्या, ही गावाला पाणी पाजते. आमच्या घराच्या वाटेला कोण जाणार?" असं सिस्टर स्वतःच हसत सांगायच्या. सासू-सुनेचं इतकं गूळपीठ बघून शेजारणींचा चक्क विरस व्हायचा.

गावाचं धरण लहान आणि मातीचं. ओढा अडवून घातलेला लांबट भराव, त्यामागे तळं, पुढे उतार, आणि उताराच्या पायथ्यापासून थोड्याच अंतरावर खालची आळी, शाळा आणि बसचा डेपो. निवृत्त झाल्यावर सिस्टरना घर खायला उठलं, तेव्हा त्यांनी चार मैत्रिणी गोळा केल्या आणि त्या ओसाड उतारावर झाडं लावली. कॅन भरभरून वर पाणी नेलं. गुडघे कुरकुरायला लागले, तरी हट्ट सोडला नाही. आता तिथे अशी गार सावली होती, की सकाळी निम्मं गाव तिकडेच फिरायला जायचं.

सून पालिकेची इंजिनिअर, आजवर पाइपलाइनी बघायची. त्या वर्षी धरणाचं काम तिच्याकडे आलं. पहिल्या पाहणीला ती भरावाच्या माथ्यावरून चालत गेली, जादा पाणी वाहून जायचा सांडवा बघितला, तळ्याकडचे दगड बघितले, आणि शेवटी सासूच्या झाडांपाशी आली. इथे ती शेकडो वेळा आली होती, पण सून म्हणून, डबा घेऊन, सुट्टीच्या दिवशी. आज तिची नजर फांद्यांकडे न जाता बुंध्यांकडे गेली. मांडीएवढी मुळं माती उचलून उतारात शिरली होती.

मातीच्या धरणावर मोठं झाड म्हणजे घरातच पोसलेलं दुखणं. वादळात उन्मळलं तर भरावाचा लचका तोडून जातं. वाळलं तर मुळं आतल्या आत कुजतात, त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात, आणि पाण्याला शिरायला तेवढी वाट पुरते.

त्या संध्याकाळी सिस्टर स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. सून हात-पाय धुऊन समोर बसली.

"आई, एक बोलायचंय. बाहेरून कानावर यायच्या आधी."

"बोल की. एवढी प्रस्तावना कशाला?"

तिनं सांगितलं. झाडं काढावी लागतील. नुसती तोडून भागणार नाही, मुळांसकट उकरून खड्डे माती ठोकून भरावे लागतील. खोदताना भरावावर पाण्याचा दाब नको, म्हणून तळं निम्मं रिकामं करायचं, म्हणजे काही महिने गावाला पाणी दिवसाआड.

सिस्टरचे हात थांबले. "माझी झाडं धरण फोडणार?"

"तसं नाही हो, आई..."

"मग कसं? इतकी वर्षं फोडलं नाही ते?"

त्या उठून आत गेल्या. शेंगा तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून घरात बोलणं सुरू झालं ते मुलामार्फत. "तुझ्या बायकोला म्हणावं, दूध उतू जातंय." बायको दोन हातांच्या अंतरावरच उभी असायची. बिचाऱ्याची अवस्था इकडे आड, तिकडे विहीर. "मला यात ओढू नका," तो म्हणायचा, "मी फक्त दूध बंद करतो."

बातमी फुटली आणि गाव पेटलं. झाडं जाणार हा एक राग, पाणी दिवसाआड हा दुसरा. पालिकेनं सभा बोलावली. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. न्हावी बोलला, डेपोचा मॅनेजर बोलला, ज्यांनी झाडांकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं तेही तावातावानं बोलले. शेवटी सिस्टर उभ्या राहिल्या आणि सगळे गप्प झाले.

"मॅडम," त्या सुनेला म्हणाल्या. ती हाक तिला चपराकीसारखी लागली. "एकच विचारते. धरण गळतंय का?"

"नाही."

"कुठे ओल? भेग?"

"अजून तरी नाही."

लोक हसले. ती माईक घट्ट धरून उभी राहिली. "ओल दिसली असती तर ही सभा झाली नसती. खालची आळी रिकामी करायला धावलो असतो आपण. दिसत नाहीये, तोवरच हे काम नीट करता येतं."

पालिकेच्या अध्यक्षांनी तिला बाजूला घेतलं. "उद्या काही कमी-जास्त झालं तर तुम्ही लेखी इशारा दिला होता आणि आम्ही ऐकलं नाही, असं निघेल ना? मग करा. पण नाव तुमचं."

"माझंच," ती म्हणाली.

तळ्याची पातळी उतरली, गाळाचा काळा काठ उघडा पडला, नळ दिवसाआड झाले. मग करवती लागल्या. सिस्टर त्या दिवसांत फिरायलाच गेल्या नाहीत. खोलीचं दार लावून रेडिओ मोठ्यानं लावून बसल्या, पण आवाज तिथवर येतच होता.

सगळ्यात थोरल्या झाडाचा बुंधा उकरला त्या दिवशी गाव खड्ड्याभोवती जमलं. यंत्रानं बुंधा उचलला. सून स्वतः खड्ड्यात उतरली. मुळं उताराच्या वरच्या थरातच पसरली होती. आतली माती घट्ट, कोरडी, चिकण. तिनं एकेका मुळाची वाट बोटांनी चाचपली. ओलाव्याचा मागमूस नाही.

"काय निघालं, मॅडम?" वरून कुणीतरी विचारलं.

"काही नाही. कोरडं आहे."

"डोंगर पोखरून उंदीरसुद्धा नाही!" दुसरा म्हणाला, आणि हशा पिकला. ती मान खाली घालून माती तपासत राहिली. बाकीच्या खड्ड्यांतही तेच निघालं. खड्डे थराथरानं भरले, ठोकले, वर गवत पेरलं. धरण ठणठणीत होतं, आणि गावात तिला तोंड दाखवायची चोरी झाली होती.

घरी येऊन ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली ती तशीच, नखांत माती घेऊन. सिस्टर पाणी प्यायला आल्या आणि तिच्याकडे बघून थबकल्या.

"जेवलीस का?" कितीतरी दिवसांनी त्या थेट बोलल्या होत्या.

"आई, मी खड्ड्यात उतरले ना, तेव्हा मला वाटलं, थोडी ओल निघावी. थोडीशीच. म्हणजे यांची तोंडं बंद होतील." "खाली शाळा आहे हो. पोरं आहेत. आणि मला वाटलं, धरण गळावं."

सिस्टर समोर बसल्या.

"लस टोचायला जायचे मी," मग म्हणाल्या. "एका बाईनं माझ्या अंगावर दार लोटलं होतं. म्हणाली, रोग कुठे दिसत नाही, आणि तुझ्या सुईनं पोरगी दोन दिवस तापली. काय सांगणार तिला? पोरगी मोठी झाली, लग्न झालं. आजही ती बाई रस्त्यात भेटली की तोंड फिरवते. साथ आलीच नाही ना! तेव्हा माझ्याही मनात यायचं, एकदा येऊ दे, मग कळेल हिला." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "येतं मनात. मनात आलं म्हणून कुणी साथ आणत नाही."

सून डोळे पुसत हसली. "म्हणजे माझं बरोबर होतं?"

"ते कधी कळायचं नाही. कळलं असतं तर वाईटच कळलं असतं." त्या उठल्या, ताट वाढायला लागल्या. "पण माझी झाडं गेली ती गेली. राग आहे माझा. तो काही तुझ्या हिशेबानं जाणार नाही."

"जाऊ देऊ नका. राहू द्या."

"राहणारच आहे. हात धू आधी."

पाणी पुन्हा रोज यायला लागलं आणि गाव ते सगळं विसरलं. सिस्टरची टोळी पुन्हा फिरायला जाऊ लागली. उघड्या भरावावरून त्या ऊन चढायच्या आत चालून यायच्या, आणि घरी आल्यावर हटकून कुरकुरायच्या. पालिकेनं पायथ्यापलीकडे, भरावापासून लांब, रोपांसाठी जागा दिली होती. सिस्टर तिकडे अजून गेल्या नव्हत्या. सूनही आग्रह करत नव्हती.

एके दिवशी ती कचेरीत असताना सिस्टरचा फोन आला. वाऱ्यात त्यांचा आवाज फाटत होता.

"अगं, इथे उतारावर घुशीनं भलंमोठं बीळ केलंय. माझा अख्खा हात आत जातो. हे तुझ्या कामात बसतं का?"

"हात काढा आधी, आई! बसतं तर. कुठे आहात? मी येतेच."

"सांडव्याच्या अलीकडे. मी इथेच उभी राहते, नाहीतर गवतात सापडायचं नाही." फोन ठेवता ठेवता त्या पुन्हा बोलल्या, "आणि हे बघ, टोपी घालून ये. इथे सावली ठेवली नाहीयेस तू."