नवी झोळी

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. बाळांचं वजन करतो. वर एक गोल तबकडी, तिच्यात सुई आणि खाली कापडी झोळी, एवढाच माझा संसार. कारखान्यात घडलो, तेव्हा मला तपासून शिक्का मारला होता. पुढे आरोग्यताई मला पिशवीतून वस्तीत नेऊ लागल्या. बाळं झोळीत भोकाड पसरायची, माझ्या अंगावर काय काय करायची, आणि आया श्वास रोखून सुईकडे बघायच्या. ताई म्हणायच्या, माणूस चुकेल, काटा नाही. हे ऐकून मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो.

एकदा झोळी फाटली. ताईंनी जाड कापडाची नवी शिवली. आधी रिकामी झोळी लटकवून सुई शून्यावर आणायची, हा नियम. त्या दिवशी रांग मोठी होती आणि ते राहून गेलं. प्रत्येक बाळाच्या वजनात पाव किलो कापड मिसळलं. मी मुकाट्याने तेच दाखवत राहिलो.

रांगेत शिवणकाम करणारी एक आई लेकीला घेऊन उभी होती. ती म्हणाली, "ताई, हिचे फ्रॉक मी शिवते. मागच्या महिन्याचा फ्रॉक आता ढगळ होतोय."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "वजन बरोबर आहे. काळजी करू नका."

कमी वजनाच्या मुलांना मिळणाऱ्या पोषक आहाराच्या यादीत त्या मुलीचं नाव आलं नाही. तीन आठवड्यांत तिला जुलाब लागले, बसताही येईना. ताईंनी तिच्या दंडाला मोजपट्टी लावली, ती लाल रंगावर, म्हणजे तीव्र कुपोषणाच्या खुणेवर थांबली. मुलीला दवाखान्यात ठेवावं लागलं.

त्या संध्याकाळी ताईंनी मला रिकाम्या झोळीसकट लटकवलं. सुई पाव किलोवर उभी होती. ताई खुर्चीत बसून रडल्या. मला फार लाज वाटली. माणूस तोंड लपवतो, माझं तोंड भिंतीवर टांगलेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ताईंनी घरोघर जाऊन प्रत्येक बाळाचं वजन पुन्हा केलं. कमी वजनाची आणखी दोन मुलं सापडली. त्या आईची त्यांनी माफी मागितली.

दीड महिन्याने ती लेकीला घेऊन आली. सगळ्यांसमोर म्हणाली, "आधी रिकामी झोळी दाखवा."

ताईंनी मान खाली घालून सुई शून्यावर आणली. मग वजन केलं, पण वाचण्याआधी त्यांनी विचारलं, "फ्रॉक कसा बसतोय?"

"आता काखेत दाटतोय," आई म्हणाली.

मित्रांनो, मला जरूर विचारा. पण आधी आईला विचारा.