विलायतेला जाऊन आलेली घोंगडी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी टोचते. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, आणि मग पुढचं ऐका.

मी माणदेशी घोंगडी आहे. बिराप्पानं आपल्या काळ्या मेंढरांची लोकर कातरली, त्याच्या बायकोनं, हरणाबाईनं, ती पिंजून सूत काढलं, सनगरानं मागावर मला विणलं आणि चिंचोक्याची खळ देऊन उन्हात ताणलं. खळ वाळली तशी मी अशी ताठ झाले म्हणून सांगू! बिराप्पा मला खांद्यावर टाकून दहिवडीच्या बाजारात गेला, की माणसं थांबून हात लावून बघायची. काय ते दिवस होते!

आमच्या वाडीच्या शाळेवर लालासाहेब गुरुजी होते. माणूस सांगलीकडचा, कृष्णाकाठच्या उसातला, पण आमच्या माळावर येऊन रमला. परदेशी जाऊन शिकवण्याची नवी रीत शिकून यायला सरकारनं काही शिक्षक निवडले, त्यात त्यांचं नाव लागलं. कागद मात्र कचेरीत अडकून बसला. लोक म्हणायचे, भिजत घोंगडं पडलंय. बघा आता, काम रखडवणार साहेब आणि नाव खराब आमचं!

अखेर बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर गुरुजी निघाले. वेशीपाशी बिराप्पानं मला खांद्यावरून काढून त्यांच्या हातात दिलं. "गुरुजी, थितं लय थंडी असती म्हनं. ऱ्हाऊ द्या ही जवळ." अशी मी विमानात बसले. आमच्या सात पिढ्यांत कुणी एसटीतही नीट बसलं नव्हतं.

इंग्लंडात लीड्स म्हणून गाव आहे. तिथं लोकरीच्या गिरण्या आहेत. तिथली लोकर इतकी मऊ, की मला मनातून हेवा वाटला. गुरुजी रोज एका शाळेत जायचे, आणि थंडी सोसेना म्हणून कोटावरून मला पांघरायचे. पोरं हसायची. हसू देत बापडी. त्या शाळेतल्या बाई खुर्ची सोडून सतरंजीवर पोरांच्यात बसत. पोरं गोल करून आपल्या घरचं बोलत, मांजराचं, आजोबांचं, काल रात्री काय खाल्लं त्याचं. त्यातूनच वाचन निघे, त्यातूनच गणित. गुरुजी बघतच राहिले. आमच्याकडं पोरगं बोललं की छडी, आणि इथं बोललं नाही की बाईंना घोर!

वर्षानं आम्ही परत आलो. गुरुजींनी शाळेत पाऊल टाकल्या टाकल्या टेबल-खुर्ची भिंतीला लावली, मधोमध मला अंथरलं आणि म्हणाले, "बसा रं समदी. गोल बसा, आन बोला."

एक पोर हललं नाही. सगळी माझ्या चारी कडांना हात बांधून उभी, तोंडाला कुलूप. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. गुरुजींचं तोंड उतरलं. "लीड्सचं लीड्सलाच बरं," असं पुटपुटत ते माझी घडी घालायला वाकले. तेव्हा जोतीराम नावाचं पोर धीर करून बोललं, "आमी कसं बसायचं, गुरुजी? आमी काय पंच हाय व्हय?"

अहो, मला तर पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! वाडीत भांडण मिटवायचं असलं की मधी घोंगडी अंथरतात. तिच्यावर पंच बसतात, बाया-पोरं कडेला उभी राहतात. घोंगडीवर बसून जो बोलेल त्याचं ऐकून घ्यावंच लागतं, आणि तिथं दिलेला शब्द मोडायचा नाही. पण घोंगडीला तोंड कुठलं? आणि उसातल्या माणसाला हे कळणार तरी कसं?

गुरुजींनी कपाळावर हात मारून घेतला आणि मोठ्यानं हसले. "आसं हाय व्हय! मग बसा की. आजपास्नं तुमीच पंच."

मग काय विचारता! लंगडं मेंढरू कसं ओळखायचं, लांडगा कुठल्या अंगानं येतो, पोरं नुसती बोलत सुटली. गुरुजी तेच फळ्यावर लिहायचे आणि पोरं वाचायची. कडेला राहिली एकटीच रंगू, बिराप्पाची लेक. पोरीच्या जातीनं घोंगडीवर बसायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं. माझ्या दशांना पायाची बोटं लावून ती उभी राहायची आणि फळ्यावरचं सगळ्यांच्या आधी वाचायची.

दिवाळी झाली. मेंढरं कृष्णाकाठच्या रानात खतासाठी बसवायला न्यायचे दिवस आले. बिराप्पा शाळेच्या दारात उभा राहिला.

"गुरुजी, रंगीला न्यायला आलोय."

"आरं बिराप्पा, पोरगी हुशार हाय. शाळा सुटली की सगळं इसरंल."

"हुशार हाय म्हनूनच न्यायची. मेंढरं वळायला खुळं कोन नेतंय?"

लीड्सला गुरुजींना हे कुणी शिकवलं नव्हतं. बिराप्पानं लेकीचा हात धरायला हात पुढं केला, आणि रंगू मागं सरली. एक पाऊल माझ्यावर, मग दुसरं. मधोमध येऊन तिनं बसकण मारली.

"आबा, मी न्हाई येत. मला शिकायचंय."

"आदी उठ थितनं!"

"न्हाई उठनार. घोंगडीवर बोललेलं ऐकाया लागतंय. तुमीच म्हंता न्हवं?"

बिराप्पा लालबुंद झाला. मग त्यानं हळूच वहाणा काढल्या आणि माझ्यावर येऊन लेकीसमोर बसला. माझ्यावरून हात फिरवत म्हणाला,

"आजीपाशी ऱ्हाशील? रडायचं न्हाई."

"न्हाई रडनार."

"मग दिला शबूद."

दुसऱ्या दिवशी मेंढरं निघाली. बिराप्पा सारखा मागं वळून बघत होता. रंगू वेशीपाशी उभी होती आणि शब्द दिलेला असूनही ढसाढसा रडत होती.

आता मी शाळेच्या काचेच्या कपाटात आहे. खाली पाटी लावलीय, 'विलायतेला जाऊन आलेली घोंगडी'. पाहुणे वाकून बघतात, आणि मला आतून कसर खाते. मित्रांनो, घोंगडी मानानं टिकत नाही, वापरानं टिकते. मला बाहेर काढा, ऊन दाखवा, झटका आणि वर्गात अंथरा. कशासाठी, ते सांगते. रंगूनं हट्ट धरला त्याच्या पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बिराप्पा स्वतः आला होता, धाकट्या लेकीला घेऊन. ती कडेला थांबली. त्यानं तिला उचललं, माझ्या मधोमध बसवलं आणि म्हणाला, "हितं बस. आन मोठ्यानं बोल."