शेकोटीच्या राखेचा डबा आणि न झालेला ठराव

मित्रांनो, गेल्या डिसेंबरात वेरूळच्या शिबिरात मला भंगारात काढण्याचा ठराव बहुमतानं मंजूर झाला. हात वर झाले, हात मोजले गेले, कुणीतरी "मंजूर!" म्हणालं आणि दोघातिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

आता हे विसरून जा. असा कोणताही ठराव झालेला नाही. ज्यांनी हात वर केले होते ते म्हणतात की आम्ही आळस देत होतो. ज्यांनी टाळ्या वाजवल्या ते म्हणतात की डास होते.

तर मी पत्र्याचा एक जुना डबा आहे. वीतभर उंच, एका कुशीला पोचा, बुडाशी गंजाचा मोठा डाग. हा डाग मुलांना मराठवाड्याच्या नकाशासारखा दिसतो. मोठ्यांना तो गंजासारखा दिसतो.

माझा जन्म औरंगपुऱ्याच्या गल्लीत, एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. माझ्याबरोबरची भावंडं पीठ, तांदूळ, साखर अशा मोठमोठ्या पदांवर गेली. मला आणि माझ्या जुळ्या भावाला दत्तोपंतांनी नेलं. दत्तोपंत म्हणजे शाळेतले चित्रकलेचे मास्तर. त्या वेळी त्यांच्या मिशा काळ्या होत्या आणि दर रविवारी ते मुलामुलींचं 'गरुड' स्काऊट पथक चालवायचे, तेही फुकट. स्काऊटमधल्या मोठ्या माणसांना पगार मिळत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे वाद घालायला भरपूर उत्साह शिल्लक राहतो. हे पुढं कामाला येईल, लक्षात ठेवा.

माझ्या भावात शेव भरली गेली. मी रिकामाच पहिल्या शिबिराला गेलो. शेवटच्या सकाळी दत्तोपंतांनी विझलेल्या शेकोटीची राख माझ्यात भरली. कारण अगदी साधं होतं. भांडी घासायची होती. पण तोवर मुलांनी भांडी नदीच्या वाळूनं घासून टाकली होती, आणि राख माझ्यात तशीच राहिली. घरी आल्यावर मला फळीवर ठेवलं गेलं, शेववाल्या भावाच्या शेजारी. वर्षभर आम्ही दोघं दिसायला सारखेच होतो. फरक फक्त मुंग्यांना कळायचा.

पुढच्या हिवाळ्यात, शिबिराला निघायच्या गडबडीत, दत्तोपंतांनी चुकीचा डबा उचलला.

शेकोटी पेटली, गाणी झाली, आणि दत्तोपंत म्हणाले, "आता खाऊ!" रांगेत पहिला होता बद्रीनाथ, सहावीतला, हडकुळा. अंधारात त्यानं माझ्यात हात घातला, मूठ भरली आणि तोंडात कोंबली. थोडा वेळ तो चावत राहिला.

"सर," तो म्हणाला, "ही शेव लई बारीक हाय."

दत्तोपंतांनी माझ्यात डोकावून बघितलं. मित्रांनो, ते सरळ म्हणू शकले असते की डबा चुकला. पण अंगावर गणवेश होता, गळ्यात स्कार्फ होता आणि सगळं पथक टक लावून बघत होतं. त्यांनी मला दोन्ही हातांनी उंच धरलं.

"मुलांनो, ही मागच्या शिबिराच्या शेकोटीची राख आहे. ही टाकल्याशिवाय आपल्या पथकाची शेकोटी पेटत नसते."

आणि त्यांनी मला शेकोटीवर पालथं केलं. सगळ्यांनी सॅल्यूट ठोकला. शेकोटी आधीच पेटलेली आहे, हे कुणाच्याही लक्षात आलं नाही.

अशी आमची परंपरा सुरू झाली, आणि पुन्हा घोटाळा नको म्हणून माझी फळी भावापासून वेगळी झाली.

मग माझे दिवस आले, मित्रांनो! काय ते दिवस! दर शिबिराच्या शेवटी थोडी राख माझ्यात यायची आणि पुढच्या शिबिरात नव्या शेकोटीवर पडायची. थोडी मात्र माझ्यात कायम ठेवायची, म्हणजे पहिल्या राखेपर्यंत नातं तुटत नाही. राख टाकताना जुन्या शिबिरांची नावं ओरडायची. "म्हैसमाळ! दौलताबाद! पैठण!" मुलं घसा बसेपर्यंत ओरडायची आणि माझा पत्रा थरथरायचा. मोठी होऊन पुण्याला, दुबईला गेलेली मुलं अजूनही दत्तोपंतांना फोन करून विचारतात, "सर, आमची राख नीट आहे ना?" बाकी कुणी असा फोन केला असता तर घरच्यांना काळजी वाटली असती.

परंपरा आली की तिच्यावर चर्चा आली. राख डाव्या हातानं टाकायची की उजव्या? स्काऊट डाव्या हातानं हस्तांदोलन करतात, म्हणून डावा ठरला. मग टोपी घालून टाकायची की काढून? यावर क्रांती चौकातल्या एका हॉटेलात पथकाची मोठी मंडळी इतके चहा प्यायली की हॉटेलवाल्यानंसुद्धा मत दिलं. शेवटी टोपी अर्धी काढायची असं ठरलं. आजही ती अर्धीच काढतात. बाहेरच्या पथकांना वाटतं, आमच्याकडे सगळ्यांना डोक्यात खाज सुटते.

या सगळ्या काळात बद्रीनाथ मोठा झाला. एका सरकारी कार्यालयात लागला आणि सुट्टीच्या दिवशी पथकाला मदत करायला परत आला. आता सगळे त्याला बद्रीनाथराव म्हणू लागले. त्यांनी मोबाईलमध्ये स्काऊटची नियमपुस्तिका उतरवून घेतली आणि ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. जगात असं करणारे ते बहुधा एकटेच असावेत. तिच्यात त्यांनी राख शोधली. राख नव्हती.

माणसानं लहानपणी जी गोष्ट खाल्ली, ती नियमात कुठंच नाही हे कळल्यावर त्याला काय वाटत असेल? मला वाटतं, तेव्हापासून त्यांना माझा राग होता.

दरवर्षीच्या सभेत ते मोबाईल पुढं करायचे. "सर, हे कुठं लिवलंय ते दाखवा, मी आत्ता गप बसतो."

दत्तोपंत म्हणायचे, "अहो बद्रीनाथराव, तुम्ही सकाळी दात घासता ते कुठं लिहिलंय?"

"टूथपेस्टवर लिवलंय सर."

यावर दत्तोपंत चहा मागवायचे. पुढच्या वर्षापर्यंत विषय तहकूब.

आणि मग आलं हे वेरूळचं शिबिर. लेण्यांच्या डोंगराकडून वारा येतो त्या बाजूचं, गावाबाहेरचं मैदान. दत्तोपंतांचं हे शेवटचं शिबिर होतं, कारण त्यांचे गुडघे आता तंबूत वाकत नव्हते आणि वाकले तर परत सरळ होत नव्हते. ते मला मोनिका मॅडमच्या हाती सोपवणार होते. मोनिका लहानपणी याच पथकात होती, आता बँकेत आहे, आणि मुलींच्या तुकडीची कॅप्टन आहे. तिनं आदल्या आठवड्यापासून डाव्या हाताचा सराव केला होता. घरी रिकाम्या डब्यातून रांगोळी ओतून.

बद्रीनाथरावांनी टेम्पोतून उतरताच जाहीर केलं, "आज दुपारी सभा. एकदाचा सोक्षमोक्ष. जे नियमात नाय ते बंद, आन् बंद झाल्यावर हा डबा भंगारात. उगा गंजका पत्रा पोरांमधी नको, कुणाला लागलं तर?"

म्हणजे दुपारी हात वर झाले की संध्याकाळी राख पडणार नव्हती. दत्तोपंत काही सोपवू शकणार नव्हते, मोनिकाला काही मिळणार नव्हतं, आणि मला तराजूत बसावं लागणार होतं. मित्रांनो, मी घाबरलो होतो. पण डब्याला घाम येत नाही, त्यामुळे मी धीराचा वाटलो.

सभेच्या थोडं आधी मला स्वयंपाकाच्या तंबूशेजारी सावलीत ठेवलं होतं. तिथं शिबिराचा स्वयंपाक करणाऱ्या दगडाबाई खिचडीचं मोठं पातेलं घेऊन बसल्या होत्या. खिचडी बुडाला लागली होती. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. झाकण उघडलं.

"अगं बया, राख!" त्या खूश होऊन म्हणाल्या. "कुणीतरी शहाण्यानं आणून ठिवली."

आणि म्हैसमाळ गेलं, दौलताबाद गेलं, पैठण गेलं. सगळी राख पातेल्याला लागली. पातेलं असं चमकलं की त्यात डोंगर दिसायला लागला.

सभा सुरू झाली, मोनिका मला घ्यायला आली आणि किंचाळली. सगळी सभा उठून तिथं आली.

"मावशी, ती राख आमच्या परंपरेची होती!"

"मला काय ठावं बाई! परंपरा अशी चुलीपाशी ठिवतेत व्हय?"

"राख आता कुठं आहे?" दत्तोपंतांनी हळूच विचारलं.

"पातेल्यावर. मग पाण्यात. पाणी टाकलं त्या पेरूला."

लगेच सभेला रंग चढला! एका सभासदाचं म्हणणं पडलं की परंपरा आता पातेल्यात आहे, तेव्हा पातेलंच शेकोटीपाशी न्यावं. दुसरा म्हणाला, नाही, पाण्याबरोबर ती पेरूच्या झाडात गेली, सॅल्यूट पेरूला करावा लागेल. तिसऱ्यानं विचारलं, मग पुढच्या शिबिराला पेरू न्यायचा का? चौथा म्हणाला, झाड नेता येत नाही, पण फळं नेता येतील. बद्रीनाथराव सगळ्यांकडे बघत राहिले.

"ऐका," ते म्हणाले, "तुम्ही सगळे शिकलेले लोक आहात ना?"

चौथा झाडावरचे पेरू मोजत होता.

दगडाबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "मास्तर, खरं सांगा. राख कशाला आस्ती? भांडी घासायलाच आस्ती ना?"

दत्तोपंत हसायला लागले. असे हसले की त्यांना ठसका लागला, मोनिकानं पाणी आणलं, तरी हसणं थांबेना. ते का हसतायत हे त्यांच्याखेरीज फक्त मला माहीत होतं. बद्रीनाथरावांना वाटलं, आपल्याला हसतायत. त्यांचा चेहरा पडला, मग लाल झाला.

"मतदान," ते म्हणाले.

पुढं जे झालं ते झालंच नाही, हे मी सुरुवातीला सांगितलंय.

दत्तोपंत मात्र भांडले नाहीत. त्यांनी मला मांडीवर घेतलं, गळ्यातला स्कार्फ सोडला आणि त्या स्कार्फनं मला आतून-बाहेरून पुसलं. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच इतका रिकामा आणि इतका स्वच्छ होतो. मला दोन्ही आवडलं नाही. मग त्यांनी मला परत चुलीपाशी ठेवलं आणि ते मुलांकडे गेले.

संध्याकाळ झाली. मुलं गोल बसली. शेकोटी पेटवायचा मान बद्रीनाथरावांचा. आमच्या पथकात नियम आहे की शेकोटी दोन काड्यांत पेटवायची, तिसरी काडी नाही. नियम मुलांच्या परीक्षेपुरता होता. बद्रीनाथरावांनीच गेल्या वर्षी तो मोठ्यांनाही लागू केला होता.

पहिली काडी. डोंगराकडून वाऱ्याची झुळूक आली. विझली.

दुसरी काडी. बद्रीनाथरावांनी अंगाचा आडोसा केला, गुडघ्यावर बसले, श्वास रोखला. गवत जरासं लाल झालं. मुलं पुढं सरकली. धूर आला. मग धूरसुद्धा गेला.

"सर," सम्यक नावाचा एक मुलगा म्हणाला, "राख नाही टाकली ना. म्हणून."

"तसं काय नसतं."

"मग तिसरी काडी ओढा सर."

बद्रीनाथरावांच्या हातात काडेपेटी होती आणि काडेपेटीत काड्या होत्या. सगळं पथक त्या काडेपेटीकडे बघत होतं. मित्रांनो, मी पुष्कळ माणसं बघितली, पण स्वतःच्याच नियमात इतका घट्ट बसलेला माणूस बघितला नव्हता. त्यांनी काडेपेटी खिशात टाकली.

"नियम म्हणजे नियम," ते पडल्या आवाजात म्हणाले. "यंदा शेकोटी नाय."

सरांच्या शेवटच्या शिबिराला शेकोटी नाही! दत्तोपंत खुर्चीत बसले होते, त्यांनी फक्त मान खाली घातली.

इकडं दगडाबाईंच्या मनाला दुपारपासून टोचत होतं. त्यांनी गडबडीनं चुलीतली राख उलथन्यानं माझ्यात भरली, झाकण लावलं आणि मला मोनिकाच्या हातात कोंबलं. "घे बाई. राखेला राख. जा, टाक."

माझ्या बुडाला काहीतरी झोंबत होतं. मला सांगायचं होतं, पण डब्याचं कोण ऐकतं?

मोनिकानं मला स्कार्फात धरलं आणि ती गोलाच्या मधोमध आली. "बद्रीनाथराव, टाकू?"

बद्रीनाथराव माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी घसा खाकरला.

"त्या डब्यात काय हाय, मला म्हाईत नाय," ते म्हणाले. "मी बघितलं नाय." आणि त्यांनी पाठ फिरवली. पाठ फिरवून, डोंगराकडे तोंड करून, त्यांनी टोपी अर्धी काढली.

"म्हैसमाळ!" मोनिका ओरडली.

"म्हैसमाळ!!" मुलं ओरडली.

"दौलताबाद! पैठण! वेरूळ!" तिनं झाकण काढून डाव्या हातानं मला पालथं केलं. राख पडली, आणि राखेबरोबर पडला चुलीतला एक लालभडक निखारा, जो दगडाबाईंना दिसला नव्हता, मोनिकाला माहीत नव्हता, आणि माझ्या बुडाला चांगलाच माहीत झाला होता. डोंगराकडून पुन्हा तीच झुळूक आली. पण आता तिनं निखारा फुलवला. गवत तडतडलं, काटक्यांनी पेट घेतला, आणि भक्कन जाळ उठला! मुलं नाचायला लागली, सम्यक कुणाच्या तरी खांद्यावर चढला, दगडाबाईंनी दोन्ही कानांवर बोटं मोडली. दत्तोपंत खुर्चीतून उठून सरळ उभे राहिले. गुडघ्यांना विचारलंसुद्धा नाही.

"पेटली का?" बद्रीनाथरावांनी पाठमोरंच विचारलं.

"पेटली!"

"काड्या किती?"

"दोनच!"

"मग नियमात बसलं." ते वळले. डोळे पुसत होते. धूर त्यांच्याकडे येत नव्हता.

मोनिकानं विचारलं, "आणि दुपारचा ठराव?"

"कोणता ठराव?" बद्रीनाथराव म्हणाले.

सकाळी नवी राख माझ्यात भरायला तेच आले. एकटे. राख गार आहे का, हे त्यांनी हात लावून बघितलं. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून चिमूटभर राख जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

"तीच हाय," ते म्हणाले, आणि माझं झाकण लावून मला मोनिकाच्या स्कूटरच्या डिकीत जपून ठेवलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी, शाळेत, पथकात असा एखादा पोचा पडलेला डबा असेल. त्याला टाकायच्या आधी एकदा झाकण उघडून बघा. आणि राख भरताना ती गार झाली आहे ना, हेही बघा. हे मी अनुभवानं सांगतो.

सबब, पथकाच्या सर्व सन्माननीय पदाधिकाऱ्यांना सविनय विनंती करण्यात येते की, प्रस्तुत अर्जदाराने दोन काड्यांची परीक्षा एकही काडी न वापरता उत्तीर्ण केली असल्यामुळे, त्यास परीक्षेचे पदक विनाविलंब देण्यात यावे. अर्जदारास छाती नाही, तरी पदक झाकणावर लावण्यास हरकत नसावी. तसेच पुढील शिबिराच्या प्रवासात अर्जदारास शेवेच्या डब्याशेजारी जागा मिळावी, कारण तो अर्जदाराचा सख्खा भाऊ असून उभयतांची बऱ्याच वर्षांत भेट नाही.