उंच रांगेतला पराग

खजुराच्या बागेत पोयी, म्हणजे फुलांची आवरणं, फुटायला लागल्या की सगळ्यांच्या चेहऱ्यावर तरतरी यायची आणि तिला धास्ती वाटायची. तिचा नवरा झाडावर चढून फुलं फळवायचं काम करायचा. खजुरात नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. नराच्या फुलातली पांढरी भुकटी मादीच्या फुलावर पडली तरच धड फळ धरतं, आणि वाऱ्याच्या भरवशावर बसलं तर बागेचं काही खरं नाही. म्हणून नराच्या फुलांचे तुरे कापून आणायचे, सावलीत वाळवायचे, मग एकेका मादीच्या शेंड्याशी जायचं, नुकती उकललेली पोय हाताने फाकवायची, तुरे तिच्यात झटकायचे, एकदोन तिथेच बांधून ठेवायचे आणि उतरायचं. पोय उकलल्यावर चारेक दिवसांत हे झालं तर झालं. मग फूल मिटत नाही, पण उपयोगाचंही राहत नाही.

नवऱ्याला सगळे खारू म्हणायचे. लहानपणापासून खारीसारखा चढायचा म्हणून. इतकी वर्षं तो कधी पडला नव्हता. पण गेल्या मोसमात त्याचा कामातला जोडीदार पडला. दोघं शेजारशेजारच्या झाडांवर होते, जोडीदाराचा चढायचा पट्टा तुटला आणि तो खारूच्या नजरेसमोरून खाली गेला. जीव वाचला, पण कमरेखाली अंग हलेना. खारूने घरी येऊन एवढंच सांगितलं, "तो पडला." त्यापुढे त्या विषयावर त्याने तोंड उघडलं नाही.

ती बागेच्याच शेडमध्ये फळं निवडायला जायची. या मोसमात तिच्या लक्षात आलं की खारू बुटकी झाडं आधी घेतोय. दरवर्षी तो उंच रांग आधी उरकायचा, भिंतीकडेची, सगळ्यात जुनी झाडं. अंग ताजं असताना उंच झाडं, दमल्यावर बुटकी, असा त्याचा हिशोब. यंदा उंच रांगेचं नाव निघालं की त्याला सुरी परजायची आठवण व्हायची.

"तुमची तब्येत बरी आहे ना?" तिने एकदा विचारलं.

"मला काय धाड भरलीय," तो म्हणाला.

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "जेवणात लक्ष नाही त्याचं. मी आई आहे, मला ताट बघून कळतं."

मग गरम वारा सुटला आणि उंच रांगेतल्या पोयी एकदम तडकल्या. बागवाले काका घरी आले, दारातच उभे राहिले. "खारू, आज-उद्यात नाही झालं तर ती रांग गेली बघ. मी बाजारात चाललोय, संध्याकाळी येतो. करशील ना?"

"करतो की," खारू म्हणाला.

खालून तुरे वर द्यायला जोडीदार नव्हता. त्या दिवशी शेडमध्ये निवडायला काही नव्हतं, म्हणून ती त्याच्याबरोबर निघाली. त्याने नको म्हटलं नाही. नेहमी म्हणायचा.

उंच रांगेखाली उभं राहून वर पाहिलं की मान मोडायची. खोडावर जुन्या झावळ्या कापून राहिलेले खुंट, त्यावरच पाय द्यायचे. खारूने पट्टा खोडाभोवती फिरवून कमरेला अडकवला. जाड दोराचा पट्टा, पाठीमागे रुंद. मागे रेललं की तो खोडाला आवळून बसतो. पुढे झुकलं की सैल होतो, तेवढ्यात झटका देऊन वर सरकवायचा आणि पाऊल टाकायचं. चढणं म्हणजे एवढंच. पण रेलायला त्या दोरावर भरवसा लागतो.

तो चढला. नेहमीपेक्षा सावकाश, पण चढला. शेंड्याशी त्याने काटे छाटले, पोय फाकवली, तुरे झटकले. खाली उभ्या असलेल्या तिच्या हातांवर भुकटी पिठासारखी उतरली.

"झालं ना? उतरा आता."

तिने वर पाहिलं. त्याचे दोन्ही हात खोडाला मिठी मारून होते आणि गाल खोडाला टेकलेला. वाऱ्याने शेंडा हलत होता, त्याच्याबरोबर तोही हलत होता.

"अहो."

"थांब जरा." आवाज त्याचा नव्हता. ताप चढलेलं मूल बोलतं तसा होता.

उतरायला मागे रेलायला हवं होतं आणि तो रेलत नव्हता. दोरावरचा भरवसाच गेला होता त्याचा. त्याच्या पायाखालचा एक खुंट कचकन मोडला, तुकडे तिच्या पायाशी येऊन पडले, आणि तो कसाबसा दुसऱ्या खुंटावर सावरला. बागेत चिटपाखरू नव्हतं. रस्त्यापर्यंत पळत जावं, कुणाला तरी आणावं; पण तोवर तो टिकेल का? आणि आपण पाठ फिरवली आणि मागून पडल्याचा आवाज आला तर?

ती शेडमध्ये धावली. खुंटीवर एक पट्टा लटकत होता, तो ओढला आणि परत आली. लग्न झालं त्या वर्षी खारूने हौसेने तिला बुटक्या झाडांवर चढायला शिकवलं होतं. तेव्हा ती हसून हसून अर्ध्यातून उतरायची. तिने चपला काढल्या, कपडे खोचले, पट्टा खोडाभोवती घेतला.

पहिली काही पावलं तिला आठवतही नाहीत. मग हात भरून आले, तळवे सोलवटले. शेजारच्या झाडाचा शेंडा तिच्या बरोबरीला आला तेव्हा तिने चुकून खाली पाहिलं. खाली काढलेल्या चपला बटणांएवढ्या दिसल्या. तिने डोळे मिटले, कपाळ खोडाला टेकवलं, आणि तिला कळलं की वर तो असाच उभा आहे. याच्यापुढे काही सुचत नाही. देव आठवत नाही, नवरा आठवत नाही, फक्त धरून राहावंसं वाटतं.

वरून तो कण्हला. ते ऐकून तिचा गोठलेला हात मोकळा झाला आणि तिने पट्टा वर सरकवला.

त्याच्या टाचा हाताला लागल्या तशी तिने घोटा धरला. तो केवढ्याने दचकला.

"कोण?"

"कोण असणार? दुसऱ्या कुणाला पडलीय तुमची?"

"तू वर आलीस?" त्याने खोड आणखी घट्ट धरलं. मग म्हणाला, "तो माझ्याकडे बघत गेला गं. पडताना. हाक नाही मारली, काही नाही. नुसता बघत गेला."

"डावा पाय सोडा," ती म्हणाली. "मी धरून खाली ठेवते. थोडं मागे रेला."

"पट्टा तुटेल."

"नाही तुटत. मी नाही का याच दोरावर आले?"

"कुठल्या दोरावर?"

"शेडमधल्या. खुंटीवर होता तो."

मग त्याने विचारलं, आणि या वेळी आवाज वेगळा होता, "त्याला गाठ आहे का?"

तिने हाताने चाचपलं. उजव्या बाजूला, पोटाजवळ, मुठीएवढी गाठ होती. "आहे," ती म्हणाली. जोडीदाराचा तुटलेला पट्टा कुणीतरी गाठ मारून ठेवला होता, झावळ्यांच्या मोळ्या बांधायला. त्यावर माणूस तोलायचा नव्हता.

ती त्याच पट्ट्यावर रेलत रेलत इथवर आली होती.

"ऐक," खारू म्हणाला. "रेलू नकोस. अजिबात रेलू नकोस. गाठ खोडावर जाऊ देऊ नकोस, पोटाशी ठेव. दोन्ही हातांनी खुंट धर. धरलेस?"

"धरले."

"उजवा पाय खाली सोड. हळू. खुंट लागला की आधी दाबून बघ. मोडका असेल तर दुसरा शोध. घाई नाही."

तिने पाय सोडला. तो हवेत फिरत राहिला, फिरत राहिला आणि मग खुंट लागला.

"लागला."

"आता डावा. तोंड खोडाकडे. माझ्याशी बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. शिव्या दे."

"त्या खाली गेल्यावर," ती म्हणाली.

एका जागी तिचा पाय निसटला. सगळं वजन पट्ट्यावर आलं आणि गाठ करकरली. तो आवाज तिने हाडांत ऐकला. खारू भराभर खाली सरकला आणि तिच्या दंडाला धरलं. त्याच्या बोटांचे वळ पुढे कितीतरी दिवस राहिले. तिला धरायला तो पुरता मागे रेलला होता, सगळा भार दोरावर टाकून, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. तिच्या आलं. ती बोलली नाही. बोललं तर तो पुन्हा गोठेल अशी तिला भीती वाटली.

जमीन लागली. ती बसली ती उठेना. खारूने तिच्या कमरेचा पट्टा सोडला, गाठ हातात घेऊन दोन्हीकडे ओढली. दोन-तीन हिसक्यांत ती सुटली. दोघंही त्या सुट्या टोकांकडे बघत राहिले.

मग त्याने सुरीने त्या दोराचे तुकडे तुकडे केले.

संध्याकाळी बागवाले काका आले तेव्हा खारूने सरळ सांगितलं, "उंच रांगेवर मी चढणार नाही. यंदाही नाही, पुढेही नाही." काकांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी लांब पोकळ नळी आणली, टोकाला रबरी फुगा बसवलेली. खालून भुकटी फुंकायची. वारा होता, निम्मी भलतीकडेच उडाली. जेवढी पोयींवर पडली तेवढी पडली.

पुढे फळं धरली तसं ते दिसून आलं. उंच रांगेत एकाच घोसात काही खजूर चांगले एकेकटे फुगले होते आणि काही फुलांतून तीन-तीन चिमुकली फळं एकमेकांना चिकटून आली होती, आत बी नाही, गोडी नाही. ज्यांना पराग मिळाला नाही ती. ती शेडमध्ये बसून हे निवडायची, चांगलं इकडे, बिनबियांचं तिकडे.

खारू बुटक्या झाडांवर चढतो. सासूबाईंना यातलं काहीच माहीत नाही. त्या म्हणतात, आता पोरगं पोटभर जेवतंय.

परवा शेडमध्ये बसली असताना बाहेर काहीतरी धाडकन पडलं. निवडणाऱ्या सगळ्या बायकांनी माना वर केल्या आणि तिच्याकडे पाहिलं. ती उठली, टोपली लवंडून बाहेर धावली. एक वाळकी झावळी पडली होती. खारू झाडाखालीच उकिडवा बसून कापलेले घोस वेगळे करत होता.

"काय गं?" त्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. पण ती परत आत गेली नाही. तो काम संपवून उठेपर्यंत तिथेच, त्याच्या शेजारी, हात पोटाशी घट्ट धरून उभी राहिली.